इअरफोन घ्या, पण आधी उड्या मारून बघा

साताऱ्यात मी बायकांना व्यायाम शिकवते. पहाटे मैदानावर पोलीस भरतीच्या मुली, दहाला जिममध्ये घरचं आवरून आलेल्या बायका आणि संध्याकाळी ऑफिसातून परस्पर येणाऱ्या. वयं वेगळी, वजनं वेगळी, दुखणारे गुडघे वेगळे. पण प्रोटीन पावडरच्या खालोखाल मला विचारला जाणारा प्रश्न तिन्हीकडे तोच: ‘मॅडम, हजार-दीड हजारात ब्लूटूथचा कुठला घेऊ?’ दसरा-दिवाळीचे ऑनलाइन सेल लागले की या प्रश्नाला नुसता ऊत येतो. मोबाइल माझ्या नाकासमोर धरला जातो. पडद्यावर ओळीनं तीन-चार डब्या, एकीला झाकून दुसरी काढावी इतक्या सारख्या. प्रत्येकीखाली चारच्या वर तारे आणि 4,999 ही खोडलेली किंमत.

कंपनीचं नाव मी सांगत नाही. आज मी ज्याचं कौतुक करीन ते मॉडेल दिवाळीपर्यंत बाजारातून गेलेलं असतं आणि त्याच्या जागी तसंच दिसणारं, नावापुढे ‘प्रो’ लावलेलं दुसरं आलेलं असतं. मी एवढंच म्हणते, मैत्रिणीचा माग, टिप धुऊन कानात घाल आणि इथं माझ्यासमोर दहा बर्पी मार. निम्म्या जणींचा निकाल तिथंच लागतो. एक बड मॅटवर, दुसरा हातात.

व्यायामाचा स्वस्त इअरफोन पारखताना आवाज सगळ्यात शेवटी बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे. शौकीन मंडळींना हे रुचणार नाही. पण ट्रेडमिलचा पट्टा फिरतोय, शेजारी कुणी डंबेल आदळतंय, भिंतीवरचा स्पीकर वेगळंच गाणं किंचाळतोय, अशा गदारोळात सतारीची मींड ऐकायला कुणी येत नाही. शिवाय खरं सांगायचं तर या किमतीतला आवाज आता बरा असतो. बास जरा जास्तच ठोकतात, गाणारीचा आवाज थोडा मागे पडतो, पण झुंबा नाहीतर सूर्यनमस्कार घालताना ते चालून जातं. बिघडतं ते बाकीचं. कानातून पडतं, घामानं मरतं, ओल्या बोटाला दाद देत नाही आणि मागून आलेला ट्रॅक्टर ऐकू देत नाही. याबद्दल परीक्षणांत दोन ओळी असतात, त्याही खुर्चीत बसून लिहिलेल्या वाटतात.

या धंद्यात निम्मी विक्री खोकाच करतो. एका मुलीनं नवा घेतलेला जोड दाखवायला आणला तेव्हा मी त्याचा खोका सावकाश वाचला. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत 50 तास, 13 मिलिमीटर ड्रायव्हर, ईएनसी, 40 मिलिसेकंद, ब्लूटूथ 5.3 आणि शेवटी पाण्याच्या थेंबाचं चित्र. वाचून असं वाटावं की रॉकेटचा सुटा भाग घेतलाय.

पन्नास तास हे डबीसकट असतात. डबी बड्सना पुन्हा पुन्हा चार्ज करते, त्या सगळ्याची ती बेरीज. कानातले बड्स एका दमात चालतात पाच-सात तास, तेही आवाज मध्यम ठेवला तर. आपला व्यायाम तासाभराचा. म्हणजे पन्नास काय न् तीस काय, आपल्याला फरक शून्य. 13 मिलिमीटर हे आतल्या पडद्याचं माप, गुणवत्तेचं नव्हे. 40 मिलिसेकंद हे मोबाइलवर गेम खेळणाऱ्या पोरांसाठी, गोळी दिसली आणि आवाज मागाहून आला असं होऊ नये म्हणून. स्क्वॉट मारताना गाणं पाव सेकंद उशिरा आलं तर बिघडलं कुठं? ईएनसीचा घोळ तर कायमचा. ‘मॅडम, यात नॉइज कॅन्सलेशन आहे’ म्हणून मुली खूश असतात. ईएनसी तुमच्या मायक्रोफोनसाठी असतं. फोनवर बोलताना समोरच्याला तुमच्या मागचा गोंगाट कमी ऐकू जावा, एवढंच त्याचं काम. तुमच्या कानात शिरणारा गोंगाट कमी करतं ते एएनसी, आणि हजार रुपयांत ते मिळालंच तर नावापुरतं.

ब्लूटूथच्या आवृत्तीबद्दल एकच सांगते, कारण इथं लोक खरोखर फसतात. 5.3 लिहिलं म्हणून आवाज सुधारत नाही. आवाज तुटतो की नाही, हे मात्र व्यायामात फार महत्त्वाचं, आणि ते आकड्यावरून कळत नाही. ब्लूटूथच्या लहरी 2.4 गिगाहर्ट्झच्या. पाणी त्या शोषून घेतं आणि आपलं शरीर बहुतांशी पाणीच. फोन कमरेच्या पाऊचमध्ये मागे उजव्या बाजूला आणि बड डाव्या कानात, म्हणजे मध्ये आख्खी तुम्ही उभ्या. घरात ते जाणवत नाही, कारण लहरी भिंतींवर आपटून दुसऱ्या वाटेनं कानापर्यंत पोचतात. मोकळ्या मैदानात भिंत नाही. त्यामुळे ‘घरी मस्त चालतो, ग्राउंडवर खरखर करतो’ ही तक्रार अगदी खरी असते आणि दुकानदाराला ती कधीच पटत नाही. म्हणून तपासायचं ते मैदानात, फोन नेहमीच्या जागी ठेवून, मान दोन्हीकडे वळवून.

आता तो पाण्याचा थेंब. त्याच्याखाली बारीक अक्षरांत आयपीएक्स 4 किंवा 5 लिहिलेलं असतं. यात पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ‘एक्स’ म्हणजे धुळीची चाचणी सांगितलेलीच नाही. 4 म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे सहन होतात. 5 म्हणजे नळीतून सोडलेली पाण्याची धार सहन होते. 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालतं. गंमत अशी की 7 आकडा 5 पेक्षा मोठा असला, तरी 7 ची परीक्षा पास झालेला माल धारेच्या परीक्षेत पास होईलच असं नाही. त्या वेगळ्या परीक्षा आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या चाचण्या साध्या पाण्यानं, नव्या कोऱ्या वस्तूवर होतात. घाम म्हणजे साधं पाणी नव्हे. त्यात मीठ असतं, त्वचेचं तेल असतं, वर आपण चोपडलेलं सनस्क्रीन असतं. पाणी वाळून जातं, मीठ मागे राहतं.

पोवई नाक्याकडच्या एका मोबाइल दुरुस्तीवाल्यानं मला बंद पडलेला बड उघडून दाखवला होता. आधी त्यानं बाहेरूनच भिंग धरलं. बडच्या पोटाला दोन बारीक सोनेरी ठिपके असतात, डबीतल्या पिना त्यांना टेकतात आणि चार्जिंग होतं. त्यातला एक ठिपका हिरवट काळा पडला होता, कडेला पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ. ‘आतलं सगळं जिवंत आहे ताई,’ तो म्हणाला, ‘पण याच्या तोंडात घास जात नाही.’ टूथब्रशला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्यानं ठिपका घासला, डबीतली पिनही पुसली. दिवा लागला. मुलगी तो टाकून नवा घेणार होती.

असं का होतं, तेही त्यानंच सांगितलं. व्यायाम संपला की आपण ओला बड तसाच डबीत टाकतो आणि झाकण लावतो. ओलावा, मीठ आणि वरून चार्जिंगचा प्रवाह. धातू गंजायला आणखी काय लागतं? खोक्यावरचा थेंब बहुतेक वेळा फक्त बड्सपुरता असतो, डबीला तो लागू नसतो, हे कुणी वाचत नाही. त्यामुळे माझ्या बॅचमध्ये आता नियम आहे. व्यायाम झाला की बड रुमालाला पुसायचे, पाच-दहा मिनिटं उघड्यावर ठेवायचे, मग डबीत. टिप आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्यात धुवायच्या. ही शिस्त आयपीएक्सच्या एका जास्तीच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगाची आहे.

आणि तरीही बिघडलाच तर? तर वॉरंटी कार्ड काढा. एक वर्षाची वॉरंटी ठळक असते आणि खालच्या अटींत बहुतेक वेळा ‘द्रवामुळे झालेलं नुकसान वगळून’ असं असतं. म्हणजे पुढच्या बाजूला धावणारी बाई, तिच्या कपाळावर घामाचे थेंब, बाजूला ‘स्पोर्ट्स’ असा शिक्का, आणि मागच्या बाजूला घाम लागला तर आमचा संबंध नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला सर्व्हिस सेंटरमध्ये हेच ऐकवून परत पाठवलं. व्यायामासाठी म्हणून विकलेली वस्तू व्यायामानं बिघडली तर जबाबदारी कुणाची, याचं सरळ उत्तर या कंपन्यांनी द्यायला हवं. छत्री विकायची आणि पावसात भिजली तर वॉरंटी नाही म्हणायचं, हा तो प्रकार आहे.

कानात बसण्याकडे वळते, कारण बायकांच्या बाबतीत यावर कुणी लिहीतच नाही. खोक्यात तीन मापांच्या टिप येतात. मधलं माप आधीच लावलेलं असतं आणि बाकीच्या दोन जोड्या पिशवीतच राहतात. पुष्कळ जणींना लहान माप लागतं, कित्येकींना एका कानाला लहान आणि दुसऱ्याला मधलं. दोन्ही कान सारखे असतात हा आपला समज. टिप बदलून बघितल्याशिवाय ‘पडतो’ म्हणू नये. बड बसवून तोंड उघडायचं, जबडा हलवायचा, मान झटकायची, मग दोरीवरच्या उड्या. जबडा हलवल्यावर जो सैल होतो तो धावताना नक्की पडणार.

कानामागून हूक येणारे बड पडत नाहीत हे खरं. पण बुगडी घालणाऱ्या बाईला विचारा. हूक बरोबर बुगडीच्या मळसूत्रावर येतो आणि अर्ध्या तासात कानाची पाळी लाल होते. मोठ्या कुड्या असतील तर बडची दांडी त्यांच्यावर आपटत राहते आणि तो टकटक आवाज थेट कानात. नेकबँडचं भांडण मंगळसूत्राशी. वाकून डेडलिफ्ट करताना दोघांचा गुंता होतो, आणि एकदा तरी काळे मणी मॅटवर सांडतात. ‘मंगळसूत्र काढून ठेवा’ असं सांगणं सोपं आहे. सासूबाईंबरोबर जिमला येणाऱ्या सुनेला ते सांगून बघा. नेकबँड टी-शर्टच्या आत सरकवला, मंगळसूत्र बाहेर राहिलं, की बऱ्यापैकी निभावतं. मॅटवर उताणं झोपून क्रंचेस मारताना मात्र नेकबँडची जाड टोकं खांद्याखाली टोचतात, त्याला इलाज नाही. हे सगळं घालून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून मी म्हणते, निदान पहिला जोड तरी दुकानातून घ्या, जिथं काउंटरवर एक नमुना उघडा ठेवलेला असतो. दोनशे रुपये जास्त जातील. जाऊ देत.

धावणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. रबरी टिपचा बड कान बूच मारल्यासारखा बंद करतो. जिममध्ये ते बरं, बाहेरचा स्पीकर कमी ऐकू येतो, आपला आवाज वाढवावा लागत नाही. पण तोच बड घालून रस्त्यावर धावा. प्रत्येक पाऊल डोक्यात धप्प धप्प वाजतं, स्वतःचा श्वास घोरल्यासारखा ऐकू येतो. कान बंद झाला की हाडांतून येणारा आवाज आत कोंडतो, त्याचा हा परिणाम. पुष्कळ जणी ‘माझ्या बड्समध्ये फॉल्ट आहे’ म्हणून दाखवायला आणतात. फॉल्ट काही नसतो. रस्त्यावर धावायला टिप नसलेला, कान अर्धवट उघडा ठेवणारा बड घ्यावा. तो थोडा कमी घट्ट बसतो, बासही कमी देतो, पण धावणं सुसह्य होतं.

कानाबाहेर राहून गालाच्या हाडावर कंप देणारे बोन कंडक्शनचे इअरफोन याहून चांगले. ते ज्यांनी लोकप्रिय केले त्या शॉक्झचा माल मात्र हजार-दीड हजाराच्या गोष्टीत बसत नाही. आणि हजार रुपयांत ‘बोन कंडक्शन’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं फक्त तसं दिसणारं असतं. आत साधा छोटा स्पीकर कानाच्या दिशेनं तोंड करून बसवलेला. त्यालाही माझी हरकत नाही, कान उघडा राहतो हे काय कमी आहे? पण मग नाव तरी खरं लिहा.

बटण की टच, यावर माझं मत अगदी हटवादी आहे. बटण. टचचा बड घामाच्या थेंबाला बोट समजतो. ओला केस चिकटला की गाणं बदलतं, घसरलेला बड नीट बसवायला हात लावला की गाणं थांबतं, प्लँकमध्ये थरथरत असताना कुणाला तरी फोन लागतो. एका बाईंचा त्यांच्या साहेबांनाच लागला होता. या किमतीत दाबल्यावर ‘टक’ असं जाणवणारं बटण असलेले बड कमी झालेत, पण शोधले तर सापडतात. नेकबँडला तर असतातच, तीन बटणं ओळीनं, न बघता अंगठ्याला कळणारी. दुकानात बोटं ओली करून दाबून बघा. दुकानदार विचित्र नजरेनं बघेल, बघू दे.

आणि हरवणं. यवतेश्वरच्या घाटात पावसाळ्यात धावायला जाणाऱ्या कुणालाही विचारा, कडेच्या गटारातून वाहून गेलेल्या बडची एक तरी गोष्ट त्यांच्याकडे असते. एक बड हरवला की या किमतीत दुसरा सुटा बहुधा मिळतच नाही. नेकबँडचा एक कान निसटला तर गळ्यात लोंबत राहतो. दिसायला तो जुनाट झालाय, मुलींना नको असतो. मला कळतं. पण दोन हजाराच्या आत, घाम गाळायला, अजूनही माझं मत नेकबँडलाच.

रस्त्यावरच्या कानांबद्दल मी जरा कठोर आहे. आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर असतात. त्यांच्यावर इतक्या मोठ्यानं गाणी लागलेली असतात की बहिऱ्यालाही ऐकू यावीत, असं वाटेल. पण कान बंद करून बास चढवलेल्या मुलीला ते खरंच ऐकू येत नाहीत, हे मी मैदानाबाहेरच्या रस्त्यावर डोळ्यांनी पाहिलंय. ट्रॅक्टर एक वेळ वाजत तरी येतो. मोकाट कुत्रं येतं ते पायाशी आल्यावरच कळतं, आणि इलेक्ट्रिक स्कूटर तर तेवढीही चाहूल देत नाही. शिवाय पहाटे साडेपाचच्या अंधारात एकट्या धावणाऱ्या मुलीला मागून येणारी पावलं ऐकू यायलाच हवीत. हे लिहायला मला आवडत नाही. पण मी त्या मुलींच्या आयांना तोंड देते. दोन सुटे बड असतील तर एकच लावा, वाहनांच्या उलट दिशेनं धावा आणि तो मोकळा कान रस्त्याकडे असू द्या. आताचे बहुतेक बड एकटे चालतात; घेताना तेवढं तपासा.

आवाजाच्या पट्टीचंही याच ओघात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसानं 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकला तर चालतं. 90 डेसिबलला तीच मर्यादा 4 तासांवर येते. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. जिमचा स्पीकर मोठा, म्हणून आपण आपला आवाज त्याच्यावर चढवतो, आणि रोज तासभर हे केलं की आठवड्याचा कोटा कधी संपला ते कळत नाही. यावरचा खरा उपाय जिमवाल्यांकडे आहे. आमच्या व्यवसायातल्या लोकांना मी हात जोडून सांगते, तो भिंतीवरचा स्पीकर निम्म्यावर आणा. ज्याला नाचायचंय त्याच्यासाठी झुंबाची खोली आहे.

भरतीच्या मुलींना मात्र मी मैदानावर इअरफोन घालूच देत नाही, स्वस्त नाही आणि महागही नाही. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर आणि 100 मीटर धावायचं असतं, गोळा फेकायचा असतो. तिथं कानात काही नसणार. जागतिक ॲथलेटिक्सच्या नियमांतही स्पर्धेच्या जागेत असली उपकरणं वापरायला मनाई आहे. गाण्याच्या ठेक्यावर पाऊल टाकायची सवय लागलेली मुलगी परीक्षेच्या दिवशी पहिल्या फेरीत सुसाट सुटते आणि दुसऱ्या फेरीत कोसळते, कारण तिचा वेग तिच्या श्वासावर बसवलेलाच नसतो. संगीतानं वेग राखता येतो, हे खोटं नाही. इथिओपियाचा हैले गेब्रसेलासी 1998 साली बर्मिंगहॅमला 2000 मीटरचा इनडोअर विक्रम धावला तेव्हा ‘स्कॅटमन’ हे गाणं लावलं होतं. पण ते सभागृहाच्या स्पीकरवर होतं आणि धावणारा गेब्रसेलासी होता. आमच्या मुलींनी आधी आपला श्वास ऐकावा.

पैशाचं बोलू. ती 4,999 ची खोडलेली किंमत वाचूच नका. ती फक्त तुम्हाला 1,199 स्वस्त वाटावेत म्हणून असते. नेकबँड बाराशेच्या आसपास, सुटे बड पंधराशे ते दोन हजार, एवढ्यात व्यायामापुरतं काम होतं. पाचशेच्या खाली, फुटपाथवर ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून मिळणाऱ्यांकडे फिरकू नका, कारण आत लिथियमची बॅटरी आहे आणि ती तुमच्या कानात बसणार आहे. वायरलेस इअरफोनना आपल्याकडे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो. ही खात्री विजेच्या सुरक्षिततेची आहे, घामाची किंवा आवाजाची नव्हे. पण क्रमांकच नसेल तर पुढची बोलणी थांबवा.

बॅटरीवरून तो दुरुस्तीवाला पुन्हा आठवला. नेकबँडचा सेल तो बदलून देतो. सुट्या बडचा सेल शेंगदाण्याएवढा आणि भोवतीचं कवच चिकटवलेलं, त्याला तो हात लावत नाही. उघडताना तुटलं तर गिऱ्हाईक माझ्या नावानं ओरडतं, म्हणतो. त्यामुळे दीड-दोन वर्षांनी बड्स अर्धा तासच चालायला लागले की अख्खा जोड कचऱ्यात. युरोपीय संघानं 18 फेब्रुवारी 2027 पासून लहान उपकरणांतल्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आल्या पाहिजेत असा नियम केलाय. आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल डिसेंबर 2022 मध्ये सुरू झालं. त्या हक्काला सक्तीचा दात यायला हवा, आणि कानात घालायच्या या वस्तूंनाही तो लागू व्हायला हवा. रोज विकला जाणारा माल दोन वर्षांत कचरा होणार हे विकणाऱ्याला माहीत असतं. घेणाऱ्यालाही काउंटरवरच कळू द्या.

थोडक्यात ज्यांना हवंय त्यांच्यासाठी: जिमसाठी घट्ट बसणारे, बटणाचे बड किंवा नेकबँड, रस्त्यासाठी कान उघडा ठेवणारं काही, नाहीतर एकच बड, भरतीच्या मैदानावर काही नाही. दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा. पाण्याचा थेंब बड्सपुरता की डबीलाही? आणि घामानं बिघडलं तर वॉरंटीत बसतं का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर ते बिलावर लिहून घ्या आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. शब्द फिरवला तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि ती करा. उत्तर गुळमुळीत आलं तर पुढच्या दुकानात जा. आणि बुटांचे तळ झिजलेले असतील, तर या दिवाळीला आधी बूट घ्या. इअरफोन पुढच्या सेललाही याच किमतीला मिळतो.